टाकीत वाढणाऱ्या औषधी पेशी : वाचकांचे प्रश्न

औषधी वनस्पतींच्या पेशी बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे हवा आणि ढवळण्याची सोय असलेल्या निर्जंतुक टाकीत, वाढवून त्यांतून औषधी द्रव्य मिळवण्याच्या तंत्राबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रश्न जास्त होते, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : झाड न तोडता त्याचे औषध मिळवणे कारखान्याच्या पातळीवर खरोखर चालते का, की हे शोधनिबंधांपुरतेच आहे?

चालते, पण मोजक्या द्रव्यांसाठी. सर्वांत ठळक उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचे. कर्करोगावरचे हे औषध मुळात पॅसिफिक यू या फार सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या सालीत सापडले. सालीच्या कोरड्या वजनात त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास, आणि साल सोलली की झाड मरते. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, तेव्हा एवढी झाडे आणायची कुठून हा प्रश्न समोर होताच. आधी दुसऱ्या यू जातींच्या पानांतून पूर्वद्रव्य काढून त्याचे रासायनिक रूपांतर करण्याचा मार्ग निघाला. पाने पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड वाचते. पुढे पेशीच टाकीत वाढवल्या गेल्या. या पद्धतीसाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार मिळाला. जर्मनीत फायटन बायोटेककडे ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्या आहेत.

त्याही आधी, १९८०च्या दशकात, जपानच्या मित्सुई पेट्रोकेमिकलने लिथोस्पर्मम वनस्पतीच्या पेशींतून शिकोनिन हे लाल द्रव्य बाजारात आणले. कोरियात जिनसेंगची मुळे १० हजार लिटरच्या टाक्यांत वाढवतात. गाजराच्या पेशींत तयार होणारे टॅलिग्लुसरेज अल्फा हे गोशे या आनुवंशिक रोगावरचे विकर २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते जनुक घालून बनवलेले प्रथिन आहे, वनस्पतीचे स्वतःचे द्रव्य नव्हे. पण पेशी वाढवण्याची कला तीच.

प्रश्न : मग सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे अशीच का काढत नाहीत? पानांत त्यांचे प्रमाण तर नगण्य असते.

या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि टाकी विकत घेण्याआधी प्रत्येकाने तो आपल्या वनस्पतीबद्दल विचारायला हवा.

व्हिन्ब्लास्टिन हे कॅथारँथिन आणि विंडोलिन अशा दोन तुकड्यांनी बनते. कॅथारँथिन सुट्या पेशींत मिळते. विंडोलिन मात्र मिळत नाही. त्याच्या शेवटच्या पायऱ्या पानातल्या काही खास पेशींतच, म्हणजे चीक वाहणाऱ्या चीकनलिका आणि इडिओब्लास्ट (शेजारच्यांपेक्षा वेगळ्या, सुट्या विखुरलेल्या पेशी) यांच्यात, आणि प्रकाशाच्या साहाय्याने पूर्ण होतात. द्रव माध्यमात वाढणारी पेशी ही पानाची नसते, मुळाचीही नसते. ती कोणतेच ठरावीक काम न करणारी पेशी असते. जनुके सगळी असली तरी त्यांतली हवी ती चालू नसतात. म्हणून अशा पेशींतून अजमॅलिसिन हे सदाफुलीतलेच दुसरे द्रव्य मिळते, व्हिन्क्रिस्टिन मिळत नाही. अफूच्या मॉर्फिनचे तेच. ते चीकनलिकांशी बांधलेले आहे, आणि अफूच्या सुट्या पेशी मॉर्फिनऐवजी सँग्विनारिन हे वेगळेच द्रव्य देतात. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन पानावरच्या ग्रंथीरोमांत (द्रव्य साठवणाऱ्या बारीक केसांत) बनते, सुट्या पेशींत जवळजवळ नाहीच.

तेव्हा आधी शोधायचे ते हे, की द्रव्य वनस्पतीत नेमके कुठे बनते. ग्रंथी, चीकनलिका किंवा हिरवे पान असे उत्तर आले तर सुट्या पेशींच्या मागे वर्षे घालवू नयेत. मुळात बनत असेल तर हेअरी रूट्सचा, म्हणजे केसाळ मुळांचा, मार्ग पाहावा. ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनीस या जीवाणूने रोपाला संसर्ग केला की त्याचा डीएनए वनस्पतीच्या पेशीत शिरतो आणि मुळे फुटतात. ती संप्रेरकाशिवाय वाढतात, जनुकीयदृष्ट्या बरीच स्थिर असतात आणि मुळातली द्रव्ये बनवत राहतात. अडचण टाकीत येते. मुळांचा गुंता घट्ट झाला की आत हवा आणि अन्न पोहोचत नाही. ढवळणारे पातेही चालत नाही, कारण ते मुळे तोडते. त्यासाठी जाळीवर मुळे अडकवून द्रवाचे तुषार सोडणाऱ्या टाक्या वापरतात.

प्रश्न : कॅलसपासून द्रव माध्यमातल्या पेशींपर्यंतची कृती प्रमाणांसह द्यावी.

कॅलस म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यावर वाढणारा, ठरावीक आकार नसलेला पेशींचा गोळा. खालची प्रमाणे सुरुवातीसाठी आहेत. जातीनुसार संप्रेरके बदलावी लागतात, बाकीचे सहसा तसेच राहते.

माध्यम : एमएस (मुराशिगे-स्कूग क्षारांची तयार) पावडर प्रति लिटर ४.४ ग्रॅम, साखर (सुक्रोज) ३० ग्रॅम, आणि संप्रेरके म्हणून २,४-डी १ मिलिग्रॅम, कायनेटिन ०.२ मिलिग्रॅम. पीएच ५.८ वर आणावा; ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) तो थोडा खाली उतरतो. घट्ट माध्यमासाठी अगार ८ ग्रॅम. १२१ अंशांना १५ पौंड दाबावर छोट्या फ्लास्कना २० मिनिटे पुरतात, १ लिटरच्या बाटलीला ३० मिनिटे द्यावीत. वेळ उगाच वाढवू नये. माध्यम पिवळसर-तपकिरी दिसले तर साखर जळली आहे, ते टाकून द्यावे.

कोवळी पाने वाहत्या पाण्याखाली साबणाच्या थेंबासह २० ते ३० मिनिटे धुवावीत. मग ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, त्यानंतर १ टक्का उपलब्ध क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० ते १५ मिनिटे, आणि निर्जंतुक पाण्याने चार वेळा धुणे. पांढऱ्या पडलेल्या कडा कापून ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे माध्यमावर ठेवावेत आणि २५ अंशांना अंधारात ठेवावे. तीन ते पाच आठवड्यांत कॅलस दिसतो.

इथे घाई नडते. पहिला कॅलस बहुधा घट्ट गोळ्यांचा असतो. तो द्रवात टाकला तर गोळेच फिरत राहतात. दर तीन-चार आठवड्यांनी त्यातला फिकट, ओलसर, चिमट्याने दाबताच भुरभुरणारा भाग तेवढा निवडून नव्या माध्यमावर न्यावा. तीन-चार फेऱ्यांनंतर सगळाच कॅलस भुरभुरीत होऊ लागतो. हिरवट, चकचकीत, कडक भाग कितीही जोमाने वाढत असला तरी तो सोडून द्यावा.

मग २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये अगार नसलेले तेच माध्यम ५० मिलिलिटर घेऊन त्यात २ ते ३ ग्रॅम कॅलस टाकावा. शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारे यंत्र) मिनिटाला ११० फेऱ्यांवर, तापमान २५ अंश. पहिल्या दोन आठवड्यांत पेशी खाली बसू देऊन निम्मे माध्यम बदलावे. त्यानंतर ५०० मायक्रॉनच्या निर्जंतुक जाळीतून गाळून बारीक पुंजके पुढे न्यावेत. पिपेटचे टोक रुंद हवे; अरुंद टोकात पुंजके अडकतात आणि प्रत्येक फ्लास्कला वेगळेच प्रमाण मिळते. पुढे दर १० ते १४ दिवसांनी एक भाग जुने कल्चर आणि चार भाग नवे माध्यम असे सबकल्चर, म्हणजे ताज्या माध्यमात हलवणे, चालू ठेवावे.

वाढीचा आलेख काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. दर दोन दिवसांनी एक फ्लास्क मोजणीसाठी पूर्ण रिकामा करून ओले वजन, ६० अंशांना वाळवलेले कोरडे वजन, पीएच आणि माध्यमाची विद्युतवाहकता मोजावी. शेवटची नोंद फार उपयोगी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पेशी क्षार शोषतात तशी वाहकता घटते; ती पुन्हा चढू लागली तर पेशी फुटून आतले क्षार बाहेर येत आहेत. ओले वजन मात्र फसवते. साखर संपत आली की पेशी पाणी ओढून फुगतात, वजन वाढते आणि आत भर काहीच पडत नाही.

प्रश्न : फ्लास्कमध्ये पेशी उत्तम वाढतात. त्याच पेशी ५ लिटरच्या बायोरिॲक्टरमध्ये टाकल्या की आठवड्यात तपकिरी पडतात. तीन वेळा असे झाले. कारण काय असावे?

एकच कारण सांगता येणार नाही, पण कारण ओळखायची सोपी युक्ती आहे. बायोरिॲक्टरमध्ये पेशी टाकल्यावर लगेच त्याच मिश्रणातले ५० मिलिलिटर निर्जंतुकपणे काढून फ्लास्कमध्ये घ्या आणि शेकरवर ठेवा. फ्लास्कही तपकिरी पडला तर दोष माध्यमात किंवा टाकलेल्या पेशींत आहे. फ्लास्क ठीक राहिला तर दोष टाकीच्या परिस्थितीत आहे. हे केल्याशिवाय पात्याचा वेग बदलत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

पहिल्या दोन दिवसांतच माध्यम गढूळ-तपकिरी झाले आणि वाहकता चढली, तर पेशी फुटत आहेत. वनस्पतीची पेशी जीवाणूच्या कित्येक पट मोठी, २० ते १०० मायक्रॉनची. आत मोठी रसधानी असते आणि पेशी पुंजक्यांत राहतात, त्यामुळे जीवाणूंसाठीचे सपाट उभ्या पात्यांचे रश्टन इम्पेलर (ढवळणारे चाक) त्यांना सोसत नाही. तिरकी पाती किंवा मरीन पद्धतीचा पंखा बसवा आणि मिनिटाला ६० ते १०० फेऱ्यांवर चालवा. इव्हान्स ब्लू हा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात; टाकी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर २४ तासांनी मोजणी करा.

पेशी जिवंत आहेत पण पाच-सहा दिवस हलतच नाहीत, असे असेल तर दोन शक्यता. एक, पेशी फार विरळ टाकल्या. वनस्पतीच्या पेशींना ठरावीक दाटी लागते, त्याखाली त्या विभाजित होत नाहीत. साडेतीन लिटर माध्यमाला किमान ७०० मिलिलिटर दाट, जोमात वाढणारे कल्चर हवे, आणि ते स्वतःच्या जुन्या माध्यमासकटच टाकावे. दुसरी शक्यता जास्त हवेची. हवा जास्त सोडली की माध्यमातला कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू वाहून जातात, आणि अनेक जातींच्या पेशींना सुरुवातीला त्यांची गरज असते. सुरुवात प्रति मिनिट टाकीतल्या द्रवाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या हवेने करावी, म्हणजे साडेतीन लिटरला मिनिटाला ३५० मिलिलिटर. विरघळलेला ऑक्सिजन हवेच्या संपृक्ततेच्या ३० टक्क्यांखाली जाऊ लागला की हळूहळू वाढवावी.

आठवडाभर छान वाढ आणि मग अचानक थांबणे हे बहुतेक वेळा ऑक्सिजनचे दुखणे असते. द्रव दाट झाल्यावर वरवर फिरताना दिसतो, तळाशी आणि कडेला मात्र स्थिर असतो. मोठा पुंजका ब्लेडने कापून पाहा. बाहेर फिकट आणि आत तपकिरी असेल तर शंका उरत नाही. कधी मद्यासारखा वासही येतो. फेऱ्या वाढवण्यापेक्षा पाते मोठ्या व्यासाचे घेणे किंवा पुंजके आधीच चाळून लहान ठेवणे चांगले.

फेसाकडेही लक्ष हवे. पेशी प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ बाहेर सोडतात, फेस होतो, त्याबरोबर पेशी वर चढतात आणि द्रवाच्या रेषेवर काचेला साय धरल्यासारखा जाड थर बसतो. तिथे त्या वाळतात, मरतात आणि खाली गळून सगळे माध्यम तपकिरी करतात. टाकीचा ३० टक्के भाग रिकामा ठेवा, हवेचे बुडबुडे जरा मोठे सोडा, आणि सिलिकॉन अँटिफोम थेंबाथेंबानेच द्या. अँटिफोम जास्त झाले की ऑक्सिजन द्रवात विरघळण्याचा वेग घटतो.

प्रश्न : मिथाइल जास्मोनेट कधी आणि किती घालावे? घातल्यावर वाढ थांबते, हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. मिथाइल जास्मोनेट हा इलिसिटर, म्हणजे पेशीला द्रव्य बनवायला चिथावणारा पदार्थ आहे. ते पेशीला हल्ला झाल्याचा निरोप देते. पेशी वाढ आवरून संरक्षणाची द्रव्ये बनवू लागते. म्हणून आधी पेशी वाढवून घ्याव्यात आणि मगच इलिसिटर द्यावा. १४ दिवसांच्या चक्रात सातवा ते नववा दिवस योग्य. सुरुवातीची मात्रा १०० मायक्रोमोलर, म्हणजे प्रति लिटर सुमारे २२ मिलिग्रॅम. ते इथेनॉलमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या, इथेनॉल सोसणाऱ्या फिल्टरमधून गाळावे आणि माध्यमात इथेनॉल ०.१ टक्क्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. तुलनेसाठीच्या फ्लास्कमध्ये तेवढेच नुसते इथेनॉल घालावे. हे द्रव्य उडून जाणारे आहे, त्यामुळे तुलनेचे फ्लास्क वेगळ्या शेकरवर ठेवावेत. शेजारी ठेवले तर वाफ त्यांनाही लागते आणि फरक पुसट दिसतो.

निकाल नेहमी प्रति लिटर मांडावा. प्रति ग्रॅम द्रव्य दुप्पट झाले आणि पेशींचे वजन निम्मे झाले तर हाती जास्त काही लागलेले नसते. प्रसिद्ध होणारे बरेच मोठमोठे आकडे इथेच विरतात.

इलिसिटरशिवायही हे साधते. शिकोनिनच्या पद्धतीत पेशी आधी २०० लिटरच्या टाकीत वाढीच्या माध्यमात वाढवत, मग ७५० लिटरच्या टाकीत अमोनियम नसलेल्या, तांबे जास्त असलेल्या माध्यमात हलवत. अमोनियम आणि प्रकाश दोन्ही शिकोनिन रोखतात. २,४-डी सुद्धा बऱ्याच जातींत औषधी द्रव्य दाबते, तेव्हा दुसऱ्या टप्प्यात ते काढून पाहणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी.

प्रश्न : कंटॅमिनेशन (बाहेरच्या जंतूंचा शिरकाव) टाळण्यासाठी माध्यमात अँटिबायोटिक घातले तर चालेल का?

नको. ते जीवाणू मारण्यापेक्षा दडवून ठेवते, आणि पेशींनाही त्रास देते. जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो, आपल्या पेशींना त्यासाठी दोन ते पाच दिवस लागतात. दोन-तीन आठवड्यांच्या चक्रात एक जीवाणूही पुरतो. माध्यम भरून निर्जंतुक केलेली टाकी हवा आणि ढवळणे चालू ठेवून ४८ ते ७२ तास तशीच चालवावी. स्वच्छ राहिली तरच पेशी टाकाव्यात. टाकण्याआधी त्या पेशींचा थेंब न्यूट्रियंट अगारवर रेघून ३० अंशांना ठेवावा. वनस्पतीच्या आतच राहणारे सावकाश वाढणारे जीवाणू असेच पकडले जातात.

चूक बहुतेकदा हवेच्या वाटेवर होते. ऑटोक्लेव्ह करताना आत हवा सोडणारी नळी चिमट्याने बंद हवी, नाहीतर दाबाने माध्यम उलटे चढून फिल्टर भिजवते. बाहेर जाणारी वाट मात्र उघडी हवी. पुढे वाफेने हा बाहेरचा फिल्टर ओला झाला तर हवा अडते, म्हणून त्याआधी थंड पाण्याचा कंडेन्सर लागतोच.

प्रश्न : साखर, वाफ आणि वीज धरली तर हे खरेच पर्यावरणपूरक आहे का?

द्रव्य कोणते यावर ते ठरते, आणि हिशेब कागदावर दहा मिनिटांत करता येतो. १,००० लिटरची टाकी, त्यात ८०० लिटर माध्यम, लिटरला ३० ग्रॅमप्रमाणे २४ किलो साखर. साधारण निम्म्या साखरेचे कोरड्या पेशींत रूपांतर झाले तर १२ किलो पेशी. द्रव्य १ टक्का असेल, आणि तो चांगलाच आकडा आहे, तर १२० ग्रॅम. साफसफाईसह तीन-साडेतीन आठवड्यांचे चक्र धरले की वर्षाला १५ खेपा, म्हणजे निष्कर्षणातली तूट धरण्याआधी १.८ किलो. मात्रा मिलिग्रॅममध्ये असेल, झाड सावकाश वाढणारे असेल आणि तोडल्याने मरत असेल, तर या १.८ किलोंनी पुष्कळ झाडे वाचतात. मात्रा चमच्यांत मोजायची असेल तर शेती किंवा साधी लागवड कितीतरी बरी. सहा महिन्यांत तयार होणाऱ्या वनस्पतीसाठी बायोरिॲक्टर लावावा असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : मुळीच्या चूर्णाऐवजी अशा पेशींची वाळवलेली पावडर वापरता येईल का?

एक शुद्ध द्रव्य काढायचे असेल तर पेशी चालतात. संपूर्ण मुळीचा उपयोग तिच्यातल्या अनेक द्रव्यांच्या मिश्रणावर अवलंबून असेल तर पेशींची पावडर हा वेगळाच पदार्थ आहे. एचपीटीएलसीवर, म्हणजे द्रव्ये पट्ट्यांत वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत, दोन्ही शेजारी चालवून पाहिल्या तर पट्टे सहसा जुळत नाहीत. शिवाय २,४-डीचा अंश उरला आहे का हे तपासणे सक्तीचे समजावे.

प्रश्न : दीड वर्ष सांभाळलेल्या पेशींतले द्रव्य घटत चालले आहे. पूर्वीसारख्या करता येतील का?

सहसा नाही. सबकल्चर करत राहिले की जलद वाढणाऱ्या पेशी पुढे सरकतात आणि द्रव्य बनवणाऱ्या मागे पडतात. गुणसूत्रांतही बदल होतात. कॅलसवर परत नेऊन, लहान लहान तुकडे वेगळे वाढवून प्रत्येकाचे द्रव्य मोजले तर पेशींची एखादी चांगली रांग (एका तुकड्यापासून वाढवलेला वेगळा वंश) हाती लागू शकते. शिकोनिनसारखे रंगीत द्रव्य असेल तर डोळ्यांनीही निवड होते.

पुढच्या वेळी चांगली रांग सापडताच गोठवून ठेवा. जोमात असलेल्या पेशी ०.५ मोलर मॅनिटॉल घातलेल्या माध्यमात दोन-तीन दिवस वाढवा. मग डीएमएसओ, ग्लिसरॉल आणि सुक्रोज यांच्या, गोठताना पेशी वाचवणाऱ्या थंड मिश्रणात बर्फावर तासभर ठेवा, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ४० अंशांपर्यंत उतरवा आणि तिथून थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, टाका. काढताना कुपी ४० अंशांच्या पाण्यात शेवटचा बर्फ वितळेपर्यंतच हलवा. पेशी धुऊ नका. तेवढ्यात बऱ्याच मरतात. कुपीतले सगळे अगारवर ठेवलेल्या गाळणी कागदावर ओता आणि एका दिवसाने तो कागद उचलून ताज्या माध्यमावर न्या, म्हणजे डीएमएसओ मागे राहते. गोठवलेल्यांपैकी एक कुपी आठवड्याभरात वितळवून वाढते का ते पाहा, आणि ती वाढेपर्यंत मूळ फ्लास्क बंद करू नका.